तुलनेची बरणी

"तुलनेला काय ठेवलंत?"

त्यांचे हे वाक्य मी पहिल्यांदा जिन्यात ऐकले. कोलकात्यात डमडमच्या फ्लॅटमध्ये राहायला येऊन आम्हाला चौथा दिवस होता. नळाच्या पाण्याला गंजाचा वास येतो म्हणून मी सोसायटीच्या सेक्रेटरींशी हिंदीत वाद घालत होते. खालच्या मजल्यावरचे दार उघडले. चौकटीची लुंगी, बाह्यांचा बनियन, उंच पण खांद्यात वाकलेला म्हातारा. आमच्या दारावरची पाटी त्यांनी वाचलेली असणार, कारण ते सरळ मराठीत म्हणाले,

"वास येतो म्हणता. तुलनेला काय ठेवलंत?"

"म्हणजे?"

"म्हणजे दुसरं पाणी, दुसऱ्या भांड्यात. नाहीतर वास पाण्याचा की भांड्याचा, हे कळणार कसं?"

मी चिडून वर गेले. बाटलीतले पाणी आणि नळाचे पाणी दोन पेल्यांत घेऊन हुंगले. वास आमच्या नव्या पिंपाचा होता. सेक्रेटरींची माफी मागायला मला दोन दिवस लागले. खालच्या मजल्याची मी मागितली नाही.

ते सोलापूरकडचे. दुधातल्या जंतूंवर संशोधन करायला तरुणपणी कोलकात्याला आले आणि राहिले. लग्न केले नाही. एकदा कॉलनीतल्या पूजेच्या मांडवात कोणीतरी त्यांना विचारले, एकटे राहण्याचा पस्तावा होतो का. ते म्हणाले, "तुलनेला काही नाही. एकच माणूस, एकच आयुष्य. त्यावरून निष्कर्ष काढता येत नाही." विचारणारा हसला. ते हसले नव्हते.

त्यांची मराठी ते ज्या वर्षी गाडीत बसले त्या वर्षी थांबली होती, आणि तिच्यावर बंगालीची साय धरली होती. "चहा खाणार का?" असे ते विचारत. पाणीसुद्धा खात. मी हसले तेव्हा म्हणाले, "इथे सिगारेटही खातात. मी किती दिवस दुरुस्त करणार?" घरात मराठी बोलायला कोणी नव्हते, त्यामुळे ते बरण्यांशी बोलत. सकाळी दूधवाला येऊन गेला की खालून त्यांचा आवाज यायचा, "चला, उठा. आज जरा आंबट तोंड केलंय तुम्ही." मी बरेच दिवस समजत होते, कोणी आजारी नातेवाईक आहे.

बरण्या दोन होत्या, काचेच्या, ओट्याच्या उजव्या कोपऱ्यात. एकीवर चिकटपट्टीवर ८ आणि दुसरीवर ४. आसपासचे लोक त्यांना 'दोई-दादू' म्हणत, म्हणजे दहीआजोबा. कोणाचे दही लागले नाही की वाटी घेऊन त्यांच्याकडे येत. ते विरजण देत, पण नेहमी चार नंबरचे. आठ नंबरचे त्यांनी कोणालाही दिले नाही. आमच्या दोघांकडेही काम करणारी, मला बौदी म्हणजे वहिनी म्हणणारी मालतीदी अनेक वर्षे मागत होती. "दादू, ओ अच्छावाला दो ना." दादू म्हणत, "ते खायचं नाही. ते कामाचं आहे."

काय काम, हे मला त्यांनी एका रविवारी सांगितले. मी एका खाद्यतेलाच्या कंपनीत तपासणी विभागात आहे हे कळल्यावर ते मला 'ऑइल कंपनी' म्हणायला लागले होते. "या ऑइल कंपनी, तुमच्या कामाची गोष्ट आहे," म्हणून त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर एक लांब साखळी काढली.

"तेलातलं आम्ल म्हणजे अशी अठरा कड्यांची साखळी. आपल्या करडईच्या तेलात जे मुख्य आम्ल असतं, त्यात दोन जागी दुहेरी जोड असतात. आणि मध्ये एक मोकळी कडी. दोन्ही जोड एकमेकांपासून तुटलेले. बरोबर?"

"लिनोलेइक. रोज बघते मी."

"तुम्ही बघता, हा बदलतो," त्यांनी आठ नंबरकडे बोट केले. "हा जंतू दुसरा जोड उचलतो आणि एक घर अलीकडे सरकवतो. बास. काही वाढवलं नाही, काही काढलं नाही. दोन जोडांना शेजार मिळाला, एवढंच. पण त्यानं आम्लाचा सगळा स्वभाव बदलतो."

"चांगला होतो?"

"उंदरांमध्ये चांगला होतो. चरबी, सूज, बऱ्याच बाबतींत. माणसांबद्दल एवढ्यात बोलू नये."

"आणि जंतूला काय मिळतं त्यातून?"

"काही नाही. त्याला ते आम्ल बाधतं. सोसवत नाही, म्हणून तो त्याला सोसवेल असं करून घेतो. परोपकार वगैरे काही नाही." मग म्हणाले, "मला इथलं मोहरीचं तेल बदलता आलं नाही. मीच बदललो. जंतू हुशार."

आठ नंबर सापडला त्याची गोष्ट त्यांनी मला तीनदा सांगितली. तिन्ही वेळा तीच, एक शब्द इकडे तिकडे नाही. तरुण असताना सुट्टीत ते आपल्या भागातल्या घराघरांतून दह्याचे नमुने गोळा करत हिंडत होते. नऊ घरे ठरवली होती. सात झाली आणि शेवटची बस चुकली. रस्त्याकडेच्या एका घरात पाणी मागितले, त्या बाईंनी ताक दिले. ताक वेगळे लागले म्हणून त्यांनी विरजण मागितले. तोवर दिवे लागले होते. दिवे लागल्यावर विरजण घराबाहेर देत नाहीत. त्या बाई म्हणाल्या, "मी देत नाही. तुम्ही घ्या," आणि पाठ फिरवून चुलीकडे बघत उभ्या राहिल्या. यांनी चमचाभर घेतले. ठरवलेल्या नऊ घरांतले एकही दही कामाचे निघाले नाही. या दहाव्या घराचे निघाले, आणि नमुन्यांत ते आठवे होते.

"त्यांचं नाव?"

"विचारलं नाही," ते म्हणाले. "वहीत 'रस्त्याकडेचं घर' असं लिहिलंय."

प्रयोगशाळेत त्यांनी त्या दह्यातून तो एक जंतू वेगळा केला आणि नोकरीभर त्याच्यावर काम केले. निवृत्त झाल्यावर तिथला जुना फ्रीजर काढून टाकण्यात आला. त्यात त्यांच्या कुप्या होत्या. कोणाला त्यांचे वाईट करायचे नव्हते, फक्त कोणी विचारले नाही. तेव्हापासून आठ नंबर जगात एकाच ठिकाणी होता, डमडमला, ओट्याच्या उजव्या कोपऱ्यात. रोज उकळून कोमट केलेले दूध, रोज एक चमचा जुने दही, आणि करडईच्या तेलापासून त्यांनी घरीच मोकळे केलेल्या आम्लाचे दोन थेंब. "सवय मोडता कामा नये," म्हणत. चार नंबरला तसेच दूध, तसेच थेंब, पण साध्या दुकानातल्या दह्याचे विरजण. ती तुलनेची बरणी. आठने काही केले असे म्हणायचे, तर ते चारने केलेले नाही हे दाखवावे लागते. चारचे काम एवढेच, की काही न करणे.

करडईचे तेल कोलकात्यात मिळायचे नाही. मी दिवाळीला सांगलीहून येताना दोन लिटरचा डबा आणायची. डबा उघडला की पहिला चमचा ते जंतूंसाठी बाजूला काढत. दुसऱ्याची फोडणी करत आणि स्वयंपाकघराचे दार बंद करून आत उभे राहत. वास बाहेर जाऊ नये म्हणून.

माझ्या नवऱ्याची तीन वर्षांनी भोपाळला बदली झाली. तो बँकेत आहे. मुलगी पुण्याला कॉलेजला गेली. माझी नोकरी बरी चालली होती म्हणून मी राहिले. एकटीला दोन खोल्या जास्त होतात, पण घर बदलायचा कंटाळा. संध्याकाळी मी दार उघडले की खालून आवाज यायचा, "आली का ऑइल कंपनी?" मी म्हणायची, "आले." बहुतेक दिवशी आमचे बोलणे तेवढेच असायचे. त्यांच्या आवाजाची मला सवय झाली होती हे मला एके पावसाळ्यात कळले, ते हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आठ दिवस रुग्णालयात गेले तेव्हा.

जाताना त्यांनी दोन्ही बरण्या माझ्या ओट्यावर आणून ठेवल्या. दुधाचे माप, थेंब, वेळ, सगळे कागदावर. रिक्षात बसेपर्यंत सूचना चालू होत्या.

"आठ जपा. चार मेलं तरी चालेल. चार कुठंही मिळतं."

"जपते. पोट सांभाळा तुम्ही."

"पोट दुसरं मिळणार नाही, पण निदान ते डॉक्टरांच्या ताब्यात आहे."

तिसऱ्या दिवशी मालतीदीने माझा फ्रीज पुसायला काढला. दही लागल्यावर मी बरण्या आत ठेवत असे, त्यांच्यावरच्या पट्ट्या भिजून निघाल्या. तिने मला ऑफिसात फोन केला. मी म्हटले, मार्कर टेबलावर आहे, परत लिहून ठेव. संध्याकाळी पाहिले तर काचेवर मोठ्या ठसठशीत अक्षरात लिहिलेले. एकीवर 8. दुसरीवर काहीतरी बंगाली. मला बंगाली बाजारापुरते बोलता येते, वाचता येत नाही. तो बंगाली चार असणार असे मी धरले. एक आकडा इंग्रजी आणि एक बंगाली का लिहिला, असा विचार मी केला नाही. कामाच्या दिवशी संध्याकाळी सातला असले विचार कोणी करत नाही.

दुसऱ्या दिवशी दुधाची गाडी आली नाही. घरात अर्धी पिशवी दूध होते. दोन बरण्यांना पुरणार नव्हते. मी 8 लिहिलेल्या बरणीला नीट, मापाने दूध लावले. दुसरीतले दही आंबट झालेले, बरणीभर. टाकायचे कशाला? मी त्याची कढी केली. कढीपत्ता, आले, जिरे. गरम भाताबरोबर दोन वाट्या खाल्ली, उरलेली मालतीदीला दिली.

ते परत आले तेव्हा मी त्या बरणीतले दही स्वच्छ धुतलेल्या नव्या काचेच्या बरणीत काढून ऑफिसातली छापील पट्टी लावून दिली: 8. त्यांनी ती उजेडात धरून पाहिली.

"आणि चार?"

"चार गेलं. दूध नव्हतं."

"हरकत नाही. चारसाठी कोण रडतंय," ते म्हणाले, आणि दुकानातून दही आणून नवी तुलनेची बरणी सुरू केली.

सहा-सात महिने तसेच गेले. मग एके दिवशी ते हातात पत्र घेऊन वर आले. जिना चढून ते सहसा येत नसत. महाराष्ट्रातल्या एका दुग्धशास्त्राच्या महाविद्यालयातल्या प्राध्यापकबाईंना त्यांनी लिहिले होते. बाईंचे उत्तर आले होते. जंतू अजून काम करतो याचा ताजा अहवाल पाठवला, तर त्या तो आपल्या संग्रहात ठेवतील, सुकवून आणि गोठवून, कायमचा.

"तुमच्याकडे यंत्र आहे," ते म्हणाले. ते कधी काही मागत नसत, त्यामुळे त्यांना मागता येत नव्हते. "रविवारी रिकामं असतं का?"

"असतं. साहेबांना विचारते."

"मी पंचाहत्तरीला आलो. माझ्यामागे बरणीला दूध कोण घालणार? तुम्ही आज इथं, उद्या भोपाळला." मग घाईने, "तुलनेची बरणीपण न्या. दुधातच मुळात ते बदललेलं आम्ल थोडं असतं. नुसता आठ बघून भागणार नाही."

साहेबांनी हरकत घेतली नाही. मी रविवारी दोन्ही नमुने यंत्रावर लावले. या यंत्रात प्रत्येक आम्लाचा पडद्यावर एक उंचवटा येतो. दुधात मुळात असते त्याचा बारीक फुगवटा दोन्हींत दिसला. सारखाच. पुन्हा लावले. एका रेघेवर दुसरी ठेवली तर एकच रेघ दिसावी, इतके सारखे. आठ नंबर काहीही करत नव्हता.

मला वाटले, इतक्या वर्षांत जंतूने सवय सोडली. असे कधीकधी होते. मी त्यांना स्पष्ट सांगायचे ठरवले. दोन दिवस सांगितले नाही, कारण मला ऑफिसात काम होते. असे मी स्वतःला सांगितले.

तिसऱ्या दिवशी मालतीदीने नवा फोन घेतला आणि नंबर माझ्या ओट्यावरच्या कागदावर लिहून ठेवला. संध्याकाळी मी लावला तर कोणी दुसराच माणूस. पुन्हा लावला, पुन्हा तोच, यावेळी चिडलेला. दुसऱ्या दिवशी मी तिला कागद दाखवला.

"बौदी, आपने आठ लगाया? ओ तो चार है!" ती हसायला लागली. बाकी नंबर इंग्रजीत लिहिताना तो एक आकडा सवयीने बंगालीत पडला होता. "हमारा चार, आप लोगों का आठ. कितनी बार बस भी गलत पकड़ते हैं लोग."

"आणि आठ? तुमचा आठ कसा असतो?"

तिने लिहून दाखवला. तो मी पूर्वी एकदाच पाहिला होता. बरणीवर. त्या बरणीची मी कढी केली होती.

मी तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला.

मी त्याच संध्याकाळी खाली गेले. उशीर करून काही फायदा नव्हता. ते कॅलेंडरच्या पाठीवर तापमान लिहीत होते. मी उभ्यानेच सगळे सांगितले: पट्ट्या, मार्कर, बंगाली चार, दूध, कढी, यंत्रावरच्या रेघा. मग त्यांनी बरणी फिरवून माझी छापील पट्टी समोर आणली.

"म्हणजे हे चार आहे," ते म्हणाले.

"हो."

"सहा महिने मी चारशी बोलत होतो."

मी पट्टीचा सुटलेला कोपरा दाबून बसवला.

"कढी कशी झाली होती?"

"काका, मला खरंच..."

"माफी नको. विचारतोय ते सांगा. कढी कशी झाली होती?"

"चांगली झाली होती. जरा आंबट. पण दाट, एकजीव."

त्यांनी मान हलवली. "मी कधी खाल्लं नाही ते. सगळी वर्षं. खायचं नाही, कामाचं आहे, म्हणत राहिलो." मग त्यांनी पेन्सिलीने त्या दिवसाचे तापमान पुरे केले आणि तारीख घातली. "तुम्ही जा आता. मी जरा झोपतो." साडेसहा वाजले होते.

दुसऱ्या दिवशी मी दार उघडले तेव्हा खालून आवाज आला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. मी मुद्दाम किल्ल्या वाजवल्या. शनिवारी सकाळी मालतीदी भांडी घासता घासता म्हणाली, दादू जेवत नाहीत, बरण्या तशाच पडल्यात, काय झाले? मी तिला सांगितले. तिचा हात थांबला.

"बौदी," ती नळाकडे बघत म्हणाली, "दादू को मत बोलना."

"काय?"

"दादू अस्पताल में थे ना. मैंने थोड़ा लिया. एक चम्मच. आठवाला."

"कधी? फ्रीज पुसलास त्या दिवशी?"

"उसी दिन. इतना साल नहीं दिया, मैंने सोचा कैसा होगा." मग जरा तोऱ्यात, "बहुत अच्छा जमता है. सास तो और किसी का दही खाती ही नहीं अभी."

"अजून आहे?"

"रोज जमाती हूँ."

मालतीदी बागबाजारला कालव्याच्या बाजूला राहते. ती म्हणाली, सोमवारी घेऊन येते. मी म्हटले, सोमवार नाही, आज. ऑफिस अर्धा दिवस होते. तिच्या बाकीच्या घरांची कामे उरकून तिथे पोहोचेपर्यंत दिवेलागण झाली, घराघरांतून शंख वाजत होते. एका खोलीचे घर, पलंगावर सासू. मालतीदीने मातीचे भांडे पुढे केले तशी म्हातारी ओरडली, संध्याकाळ झाली, आता घरातून दंबल जात नाही. दंबल म्हणजे विरजण. आम्ही दोघी समजावत होतो, ती ऐकत नव्हती. मग तिने मला विचारले, मी कुठली.

"महाराष्ट्र."

"मराठा?" म्हातारी ताडकन उठून बसली. "बर्गी!"

मराठे घोडेस्वार बंगाल लुटायला यायचे, त्यांचे इथले नाव बर्गी. त्यांच्या भीतीने शहराभोवती जो खंदक खणला तो याच बागबाजारपासून सुरू झाला होता. एवढ्या वर्षांनी त्याच्या या बाजूला एक बर्गी दही मागायला आलेली पाहून म्हातारी तोंडाचे बोळके उघडून हसायला लागली. हसून झाल्यावर तिने भिंतीकडे तोंड केले.

"मैं नहीं देती," मालतीदीने तिचे बोलणे मला सांगितले. "बर्गी को कौन देता है? बर्गी अपने आप ले जाता है."

मी चमचा घेतला आणि डब्यात भरून घेतले.

घरी येऊन मी त्यांचे दार वाजवले. त्यांनी उघडले. दाढी वाढलेली. मी डबा पुढे केला आणि कुठून आला ते सांगितले. मालतीदीचे नावही सांगितले. तिने सांगू नको म्हटले होते, पण न सांगता उगम कसा लिहिणार? शिवाय त्या म्हातारीचे वाक्य मी तसेच्या तसे सांगितले. त्यांनी डब्याचे झाकण उघडले, हुंगले, आणि डबा ओट्याच्या उजव्या कोपऱ्यात नेऊन ठेवला.

"तिनं थेंब घातले नसतील."

"नाही."

"सवय मोडली असेल."

"असेल. आठवडाभर थेंब घाला, मग यंत्रावर लावू."

"तुलनेला..."

"तुलनेला चार आहेच. सहा महिने तुम्ही सांभाळलंय."

पुढच्या रविवारी ते माझ्याबरोबर ऑफिसात आले. इस्त्रीचा शर्ट घालून. चारची रेघ आधी आली, नेहमीसारखी, बारीक फुगवटा. मग आठची यायला लागली. त्या जागी रेघ चढली, आणि चढत राहिली. त्यांच्या जुन्या वहीतल्याइतकी उंच नव्हती. पण दुधाच्या फुगवट्याशी तिची गल्लत कोणी केली नसती. ते पडद्याजवळ वाकून बघत होते. मी म्हटले, "झालं काका." ते म्हणाले, "पुन्हा लावा." तीनदा लावले. तिन्ही वेळा आली.

अहवाल गेला, आणि बर्फात घालून आठ नंबर गेला. महिन्याभराने प्राध्यापकबाईंचा फोन आला, शुद्ध करून घेतला, सुकवला, गोठवला, तीन ठिकाणी ठेवला. फोन ठेवून ते म्हणाले, "आता त्याला रोज दूध लागत नाही."

"चांगलंच की."

"चांगलंच."

घरातला आठ नंबर त्यांनी मालतीदीला देऊन टाकला, वाडगाभर, स्वतः होऊन. ती लाजेने रडली. मला वाटले आता ते ओटा आवरतील. पण सकाळी पुन्हा आवाज आला, "चला, उठा." मी खाली डोकावले. एकच बरणी होती.

"हे काय, काका? चार?"

"हं."

"त्याचा आता काय उपयोग? तुलना कशाशी करायची?"

"कशाशीच नाही," ते दूध ढवळत म्हणाले. "आठला तिघं सांभाळतात. याला कोण आहे?" आणि मी काही बोलायच्या आत, "चहा खाणार?"

मी प्यायले. त्या दिवसापासून मीही घरी चार नंबरच लावायला लागले. त्याचे विरजण घालून त्यांनी मला एक बरणी दिली तेव्हा पट्टीवर मुद्दाम बंगालीत आकडा घातला. "वाचा बघू ऑइल कंपनी." मी म्हटले, "चार." "शिकली," ते बरणीला म्हणाले.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. झोपेत. सकाळी मालतीदीला कळले, ती धावत वर आली. सोलापूरला एका पुतण्याचा नंबर वहीत होता. तो पोहोचेपर्यंत जे करायचे ते मी आणि सेक्रेटरींनी केले. कागदपत्रे शोधायला मी स्वयंपाकघरात गेले तेव्हा ओट्यावर बरणी होती, थंडी म्हणून जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळलेली. झाकण काढून पाहिले. दही नीट लागले होते.

मी मार्चमध्ये पुण्याला आले. कंपनीचे इथे कार्यालय आहे, त्यांनी घेतले. सामानाबरोबर स्टीलच्या डब्यात चमचाभर विरजण आणले, आणि त्यांनी मला दिलेली बरणी. परवा मुलीने फ्रीज उघडला.

"आई, या बरणीवर आठ लिहिलंय. आठ काय?"

"चार आहे तो."

"आठच आहे की गं. स्पष्ट."

"बंगाली चार आहे."

"बरं, चार. मग एक, दोन, तीन कुठंयत?" ती बरणी हातात फिरवत होती. "कशाला आहे हे?"

"तुलनेला."

"कशाच्या?"

गॅसवरचे दूध कोमट झाले होते. मी करंगळी बुडवून पाहिली, तिच्या हातातून बरणी घेतली आणि विरजण लावले.